औषध उलटते तेव्हा

औषधाने गुण येण्याऐवजी अपाय झाला, की मराठवाड्यात 'औषध उलटले' असे म्हणतात. या वाक्यात औषध हाच कर्ता आहे. ते देणारा वाक्यात नाही, घेणारा नाही, आणि ज्याच्या कोपाने किंवा ज्या पूर्वकर्माने ते उलटले असे पुढे सांगितले जाते, तो देव आणि ते कर्मही नाही. 'उलटणे' हे क्रियापद मराठीत आणखी दोन ठिकाणी असेच येते: मारका बैल धन्यावर उलटतो आणि केलेली करणी करणाऱ्यावर उलटते. बैलाच्या बाबतीत त्याचा स्वभाव आणि करणीच्या बाबतीत करणाऱ्याचा दुष्ट हेतू, असे काही कारण तरी हाताशी असते. औषधाच्या बाबतीत मात्र देणाऱ्याचा हेतू चांगला, घेणाऱ्याचा विश्वास पुरा आणि गोळीही अस्सल, एवढे सगळे जुळून आल्यावरही शरीर भाजल्यासारखे होते, तेव्हा 'हे कोणामुळे घडले' या प्रश्नाला नेहमीची उत्तरे पुरत नाहीत.

अशा उलटण्याचे सर्वांत भीषण रूप ज्या विकारात दिसते, त्याची ठळक नोंद १९२२ मध्ये न्यूयॉर्कमधील स्टीव्हन्स आणि जॉन्सन या डॉक्टरांनी केली. त्यांनी पाहिलेल्या दोन मुलांना ताप, अंगभर पुरळ, तोंडात व्रण आणि डोळ्यांचा तीव्र दाह असे सगळे एकत्र झाले होते. १९५६ मध्ये अॅलन लायेल या स्कॉटिश त्वचारोगतज्ज्ञाने उकळत्या पाण्याने पोळल्यासारखी कातडी सुटलेल्या चार रुग्णांचे वर्णन केले आणि त्या अवस्थेला 'टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस', म्हणजे विषबाधेने बाह्यत्वचा मरून जाणे, असे नाव दिले. पुढे हे दोन्ही एकाच विकाराचे सौम्य आणि उग्र टप्पे मानले गेले. शरीराच्या दहा टक्क्यांहून कमी भागावरची कातडी सुटली तर त्याला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात, तीस टक्क्यांहून जास्त भागावरची सुटली तर लायेलचे नाव लागू होते आणि मधली अवस्था दोन्हींची सरमिसळ धरली जाते. हा विकार विरळा आहे, दहा लाख लोकांमागे वर्षाला मोजक्याच माणसांना होतो. पण उग्र अवस्थेत तीन-चार रुग्णांमागे एक दगावतो आणि वाचलेल्यांपैकी अनेकांच्या डोळ्यांना कायमची इजा राहते. कारण बहुधा औषधच असते: फेफऱ्यावरचे कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन, युरिक अॅसिड कमी करणारे अॅलोप्युरिनॉल, सल्फा गटातली जंतुनाशके, एचआयव्हीवरचे नेव्हिरापिन, काही वेदनाशामके. औषधाचा रेणू शरीरातल्या संरक्षक पेशींना परका शत्रू भासतो आणि त्या पेशी स्वतःच्याच त्वचेच्या पेशींवर मारक द्रव्ये सोडतात. त्यामुळे वरची कातडी खालच्या थरापासून सुटते आणि बोटाने हलकेच सरकवली तरी ओल्या कागदासारखी सरकते.

ताप येतो, डोळे चुरचुरतात, घसा दुखतो आणि दोन-तीन दिवसांत अंगावर उठते. ज्या भाषेत 'देवी' हा एकच शब्द जगदंबेचे नाव आहे आणि भारतात १९७५ साली संपलेल्या रोगाचेही, त्या भाषेच्या माणसाला हे चित्र पाहून काय आठवेल, हे सांगायला नको. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या वळणावर वसलेले माहूर हे साडेतीन शक्तिपीठांपैकी एक आहे, आणि तेथली रेणुका शेंदराने माखलेल्या भव्य मुखाच्या रूपात पुजली जाते. तिला धड नाही. क्षेत्रकथेनुसार परशुरामाने आईचे अंत्यसंस्कार येथे केले, तेव्हा माता भूमीतून पुन्हा प्रकट होईल पण तोवर मागे वळून पाहू नकोस, असे त्याला सांगितले होते. त्याने घाईने पाहिले आणि मुखच तेवढे वर आले. हीच रेणुका सीमेपलीकडे बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीला यल्लम्मा होते, आणि तेथल्या कथेत पती जमदग्नीच्या शापाने तिच्या अंगावर महारोग उमटतो व एकय्या-जोगय्या या दोन साधूंच्या सांगण्यावरून कुंडात स्नान केल्यावर तो जातो. कातडीचा आजार देणारी, भोगणारी आणि बरा करणारी, अशा तिन्ही नात्यांनी ही देवता लोकांच्या मनात वावरते. म्हणून किनवट-माहूरच्या वाडी-तांड्यांवर औषधाने उठलेले अंग हा तिचा कोप वाटला, तर त्याला निव्वळ अडाणीपणा म्हणून झटकणे बरोबर नाही. त्या समजुतीत एक तर्कसंगती आहे, आणि ती तर्कसंगतीच घातक ठरते. फेफरे येणाऱ्या मुलाला 'बाहेरचे काही' असेल म्हणून आधी माहूरगडावर नेलेले असते, गुण न आल्याने दवाखान्याची गोळी सुरू होते, दोन आठवड्यांनी अंग फुलते, आणि मग देवीला सोडून गोळीच्या नादी लागल्याची ही शिक्षा आहे, असा अर्थ लागतो. घटनांचा क्रम बरोबर असतो. चुकते ते एका दुव्याचे नाव.

'हे कोणामुळे घडले' या प्रश्नावर माहूरच्याच परिसरात निदान तीन वेगळी उत्तरे शेजारी-शेजारी नांदतात. रेणुकेच्या उपासकाचे उत्तर कोपाचे आणि प्रसन्नतेचे. दुसरे महानुभावांचे. या पंथात दत्तात्रेय हे पंचकृष्णांपैकी, म्हणजे परमेश्वराच्या पाच अवतारांपैकी एक आहेत, आणि दत्तस्थान म्हणून माहूर महानुभावांचेही क्षेत्र आहे; त्यांच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार नित्य पदार्थ मानले असून देवता जीवाला त्याच्या कर्माचे फळ देतात, मोक्ष देऊ शकत नाहीत. या दृष्टीने देवीच्या कोपाला स्वतंत्र अर्थ उरत नाही. ती हिशेब चुकता करणारी आहे, हिशेब मांडणारी नव्हे. तिसरे उत्तर जिल्ह्यातल्या बौद्ध वस्त्यांचे आहे. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात मागच्या जन्माच्या कर्माने आजचे दुःख समजावण्याची रीत नाकारली आहे, कारण त्या रीतीने दुःखी माणूसच आपल्या दुःखाचा गुन्हेगार ठरतो आणि समाज सुटतो. पाली संयुत्तनिकायात सीवक नावाच्या परिव्राजकाशी झालेला एक संवाद आहे. त्यात बुद्ध वेदनांची आठ कारणे मोजतात: पित्त, कफ, वात, तिन्हींचा संयोग, ऋतुबदल, बेपर्वा वागणूक, बाहेरून झालेला आघात, आणि शेवटी कर्म. आठांत एक, आणि तेही सर्वांत शेवटी. जे सगळे कर्मावर टाकतात ते स्वतः अनुभवलेल्या आणि जगाने मान्य केलेल्या गोष्टीच्या पुढे धावतात, असा त्या संवादाचा रोख आहे.

आयुर्वेदाची भूमिका या बाबतीत अनेकांना वाटते त्याहून कठोर आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की नीट योजलेले विष हे उत्तम औषध होते आणि चुकीचे योजलेले औषध हे जहाल विष होते. न जाणता दिलेल्या औषधाची तुलना तेथे शस्त्र, अग्नी आणि वज्र यांच्याशी केली आहे. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात अग्निवेश विचारतो की आयुष्य ठरलेले असते की नाही, आणि उत्तरात दैव म्हणजे पूर्वदेहात केलेले कर्म व पुरुषकार म्हणजे या देहात केलेले कर्म, अशा दोन शक्ती मांडून त्यांचे बळ कमी-अधिक असू शकते असे सांगितले जाते. तेथला दृष्टांत गाडीच्या आसाचा आहे. चांगला आस रोजच्या वापराने झिजत-झिजत आपल्या मुदतीला मोडतो, पण तोच आस ओझे जास्त भरल्याने, वाट वाईट असल्याने किंवा वंगण न मिळाल्याने मध्येच मोडू शकतो. असे मध्येच मोडणे म्हणजे अकालमृत्यू. सगळेच ठरलेले असते, तर वैद्य, पथ्य आणि औषध यांची गरजच नसती, असे हा ग्रंथ स्पष्ट म्हणतो. औषधाने सुटलेल्या कातडीला हा दृष्टांत चपखल लागतो, मात्र एक फरक आहे: येथे गाडीवर जास्त ओझे भरले गेले नाही, वाटही बरी होती, आसाच्या लाकडातच अशी एक रेघ होती, जी एका विशिष्ट ओझ्याखालीच उघडी पडते.

ती रेघ कोणती, हे २००४ मध्ये समजले. तैवानच्या संशोधकांनी कार्बामाझेपिनने स्टीव्हन्स-जॉन्सन झालेले ४४ हान चिनी रुग्ण तपासले, आणि त्या सर्वांमध्ये 'एचएलए-बी*१५:०२' हा जनुकाचा एकच प्रकार सापडला. एचएलए हे पेशीच्या पृष्ठभागावरचे असे रेणू आहेत, जे आतल्या प्रथिनांचे तुकडे संरक्षक पेशींपुढे ओळखपत्रासारखे धरतात. या विशिष्ट प्रकाराच्या खाचेत ते औषध बसते आणि ओळखपत्रच परके दिसू लागते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये आशियाई वंशाच्या रुग्णांत ही तपासणी आधी करण्याची सूचना दिली, आणि २००९ मध्ये भारतीय रुग्णांच्या एका छोट्या अभ्यासात आठपैकी सहा जणांत हाच प्रकार आढळला. अॅलोप्युरिनॉलसाठी 'बी*५८:०१', आणि कुष्ठरोगावर वापरल्या जाणाऱ्या डॅप्सोनच्या गंभीर प्रतिक्रियेसाठी 'बी*१३:०१', असे दुवे पुढे मिळाले.

वेदान्तात कर्माचे तीन भाग करतात: साठलेले ते संचित, त्यातून या देहात भोगायला सुरू झालेले ते प्रारब्ध, आणि आज हातून घडते आहे ते क्रियमाण. प्रारब्धाला सुटलेल्या बाणाची उपमा देतात, कारण ते परत फिरवता येत नाही. आईबापांकडून आलेला, निवडलेला नसलेला आणि जन्मभर बदलता न येणारा एचएलए-प्रकार हे प्रारब्धाचे जवळजवळ हुबेहूब चित्र वाटते. त्यावर गोळी गिळणे हे क्रियमाण. पण उपमा येथपर्यंतच नेता येते. 'बी*१५:०२' असलेल्या आणि कार्बामाझेपिन घेणाऱ्या माणसांपैकीही बहुसंख्यांना काहीच होत नाही, म्हणजे बाण सुटलेला नाही, भात्यात आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. प्रारब्ध हे भोगल्याखेरीज संपत नाही, अशी त्या कल्पनेतच अट होती. हे मात्र रक्ताच्या थोड्या नमुन्यातून, भोगण्याच्या आधी, वाचता येते. जे आधी वाचता येते आणि ज्यावर 'ही गोळी नको, दुसरी द्या' एवढ्या साध्या निर्णयाने मात करता येते, त्याला प्रारब्ध म्हणत राहणे हा शब्दांचा आळस आहे. थायलंड, तैवान आणि सिंगापूर येथे कार्बामाझेपिनपूर्वी ही तपासणी प्रचलित व्यवहारात आली. माहूरच्या रुग्णाला मोठे सरकारी रुग्णालय गाठायचे तर नांदेडच्या विष्णुपुरीला शंभर किलोमीटरहून जास्त वाट तुडवावी लागते, नाही तर जिल्हा ओलांडून यवतमाळला जावे लागते. हे अंतर कोणत्याही कर्माने पडलेले नाही.

कारण शोधण्याचा प्रश्न ज्ञानशास्त्राचाही आहे. गोळी सुरू झाल्यापासून अंगावर उठेपर्यंत बहुधा चार दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंतचा काळ जातो. या काळात माणूस आणखी दहा गोष्टी खातो, आणि विकाराच्या पहिल्या लक्षणांवर म्हणून घेतलेली तापाची गोळीच पुढे गुन्हेगार ठरते, कारण ती पुरळाच्या सर्वांत जवळ असते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर कावळ्याने फांदी मोडली असे होत नाही. संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात. खरे कारण पक्के करण्याची प्रयोगाची रीत एकच: तेच औषध पुन्हा द्यावे आणि तेच घडते का ते पाहावे. साध्या पुरळाच्या बाबतीत ही फेरतपासणी कधी करतातही, पण येथे ती केल्यास माणूस मरू शकतो, म्हणून ती निषिद्ध आहे. म्हणजे या क्षेत्रात प्रत्यक्ष प्रमाण मिळवणे हेच पाप ठरते आणि वैद्याला अनुमानावर थांबावे लागते; औषधसुरक्षेच्या मोजपट्ट्यांतही 'निश्चित', 'संभाव्य', 'शक्य' अशा पायऱ्या असतात त्या यामुळेच. काही माहिती मिळवायचीच नाही, असे ठरवणे हेही ज्ञानाच्याच शिस्तीत बसते. प्रयोगशाळेच्या युगाला ते शिकावे लागले.

पण अनुमानालाही हेतू, म्हणजे खूण लागते; आगीचे अनुमान करायला आधी धूर दिसावा लागतो. खेड्यातल्या दवाखान्यात अनेकदा औषध पाकिटातून मिळत नाही, पुडीतून मिळते: वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्यात एक पांढरी गोळी, एक गुलाबी, एक अर्धी मोडलेली आणि थोडी भुकटी, अशा तीन पुड्या, सकाळ, दुपार, रात्र. पुडी रिकामी झाली की तिचा बोळा चुलीत जातो. दोन आठवड्यांनी रुग्ण ओठांवर रक्ताळलेल्या खपल्या घेऊन मोठ्या रुग्णालयात पोहोचतो, तेव्हा 'कोणती गोळी घेतली' या प्रश्नाला 'गुलाबी' एवढेच उत्तर येते. कर्म, कोप आणि दैव यांवर ग्रंथ लिहिले गेले. पण या रुग्णाच्या बाबतीत अज्ञानाचे रूप नाव नसलेल्या कागदाएवढे लहान आहे.

उपचाराची पहिली पायरी काही देण्याची नसून काढून घेण्याची आहे. संशयित औषध ताबडतोब बंद करणे हाच सर्वांत परिणामकारक उपाय आहे, आणि ते जितके लवकर बंद होईल तितकी जगण्याची शक्यता वाढते, असे २००० च्या सुमारास झालेल्या अभ्यासात दिसले. काहीतरी केल्याशिवाय उपचार झाला असे न वाटणाऱ्या रुग्णाला आणि नातेवाइकांना हे थांबणे पटवणे अवघड जाते. अकर्मात कर्म पाहण्याची गीतेच्या चौथ्या अध्यायातली कसोटी येथे अगदी व्यावहारिक होऊन समोर येते. पुढचा उपचार बराचसा भाजलेल्या माणसासारखा: उबदार खोली, शिरेतून आणि नळीतून द्रव व अन्न, जंतुसंसर्गावर नजर, डोळ्यांची तासातासाला निगा, कारण पापणी आणि बुबुळ एकमेकांना चिकटली तर दृष्टी जाते. प्रतिकारशक्तीचा हल्ला रोखण्यासाठी स्टेरॉइड द्यावे, सायक्लोस्पोरिन द्यावे, की नुसती शुश्रूषा करावी, यावर जगभर मतभेद आहेत. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत सुरुवातीलाच आणि थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइड किंवा सायक्लोस्पोरिन यांना जागा दिली, तर युरोपातले अनेक तज्ज्ञ स्टेरॉइडकडे साशंकतेने पाहतात.

कातडी नसलेल्या माणसाला निजवायचे कशावर, हा प्रश्न कोणत्याही तत्त्वज्ञानापेक्षा आधी येतो. सुती चादर ओल्या जखमेला चिकटते आणि कूस बदलताना उरलेली कातडीही सोबत घेऊन जाते. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि सहकाऱ्यांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानांच्या पट्ट्या वापरून पाहिल्या आणि २००३ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: मेणचट पृष्ठभागामुळे पान जखमेला चिकटत नाही, काढताना वेदना कमी होतात आणि खर्च नगण्य येतो. भारतातल्या त्वचाविभागांत अशा रुग्णांना निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानांवर झोपवण्याची पद्धत त्याआधीपासून आहे. मधला जाड दांडा काढलेले, धुऊन वाफवलेले, कडेने किंचित काळवंडलेले ते हिरवे पान पाठीखाली सरकवले जाते, आणि कूस बदलताना माणूस कमी कण्हतो. नांदेड जिल्ह्यात अर्धापूरची केळी प्रसिद्ध आहे. तेथल्या मळ्यातले पान सणाला नैवेद्याखाली येते, पंगतीत भाताखाली येते, आणि येथे ते माणसाखाली येते. दोन-तीन आठवड्यांत केसांच्या मुळांशी उरलेल्या पेशींपासून नवी बाह्यत्वचा तयार होते.

दोष कोणाचा, या प्रश्नाकडे न्यायसंस्थेने एकदा फार बारकाईने पाहिले. १९९८ मध्ये कोलकात्यात अंगावर पुरळ उठलेल्या अनुराधा साहा यांना लायेलचा विकार झाला, त्यांना विमानाने मुंबईला ब्रीच कँडी रुग्णालयात आणण्यात आले आणि २८ मे रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे पती डॉ. कुणाल साहा यांनी कोलकात्यात झालेल्या उपचारांविरुद्ध दिलेला लढा पंधरा वर्षे चालला. ७ ऑगस्ट २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निष्काळजीपणा मान्य केला आणि २४ ऑक्टोबर २०१३ रोजी सुमारे सहा कोटी रुपये व त्यावरचे व्याज अशी भरपाई ठरवली. या निवाड्याची तात्त्विक बाजू रकमेपेक्षा लक्षवेधी आहे. विकार का उद्भवला, यासाठी न्यायालयाने कोणाला दोषी धरले नाही. दोष धरला तो उद्भवल्यानंतर दिलेल्या स्टेरॉइडच्या मात्रेवर आणि शुश्रूषेतल्या उणिवांवर. आणि दिवाणी स्वरूपाचा निष्काळजीपणा मान्य करताना त्याच न्यायालयाने फौजदारी गुन्हा मात्र मान्य केला नाही. दुर्दैव, चूक आणि गुन्हा या तीन पायऱ्या लोकव्यवहारात एकात एक मिसळतात: नातेवाईक रागाच्या भरात तिन्हींना गुन्हा म्हणतात आणि दमल्यावर तिन्हींना नशीब. 'उलटले' हे क्रियापद पहिल्या पायरीला न्याय्य आहे. दुसऱ्या पायरीवर ते वापरले, की ते कर्त्याला लपवते. म्हणूनच अपाय झाला तर तो नोंदवण्याची व्यवस्था लागते. भारतात औषधसुरक्षेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर डॉक्टरच नव्हे, रुग्णही कळवू शकतो.

रेणुकेच्या कथेत एक तपशील असा आहे की ज्याकडे कीर्तनकार सहसा ओझरते पाहून पुढे जातात. बापाच्या आज्ञेने आईचे शिर उडवल्यावर परशुरामाने मागितलेल्या वरांत आई जिवंत व्हावी हा एक होता आणि आपण मारले गेलो याची आठवण तिला राहू नये हा दुसरा. ज्या हाताने घाव घातला त्याच्या मागण्याने जीव परत आला. पण तो हात निर्दोष राहावा म्हणून स्मृती पुसावी लागली. औषधाच्या घावातून वाचलेल्या माणसाला हा दुसरा वर परवडणारा नाही. ज्या शरीरावर कार्बामाझेपिन उलटले, त्यावर फेनिटॉइन आणि फिनोबार्बिटोनही उलटू शकतात, आणि तोच एचएलए-प्रकार सख्ख्या भावंडांतही असण्याची शक्यता मोठी असते. म्हणून घरी सोडताना रुग्णाच्या हाती जाड कागदाची एक चिठ्ठी देतात. तिच्यावर औषधाचे मूळ नाव, ते सुरू केल्याची तारीख, अंगावर उठल्याची तारीख आणि यापुढे कधीही न घ्यायच्या औषधांची नावे लिहिलेली असतात, आणि ती पुढच्या प्रत्येक दवाखान्यात, तापाची गोळी घेण्याआधीही, दाखवायची असते.